डोळ्यात घातलेले दूध

माझ्या डाव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढरे फूल पडले आहे. समोरचा माणूस बोलताना आधी त्या डोळ्याकडे बघतो, मग ओशाळून उजव्याकडे वळतो आणि पुढे सारा वेळ माझ्या कपाळाशी बोलत राहतो. लहान मुले तसे करत नाहीत. ती सरळ विचारतात, "तुमच्या डोळ्यात काय गेलं?" मी सांगतो, "भाताचं कुसळ." ते खरेच आहे. पण तेवढेच सांगून गप्प बसलो की मला रुखरुख लागते. त्या कुसळापायी एका तान्ह्या पोरीचे दूध तुटायची वेळ आली होती आणि तो भाग मी नेहमी गाळतो.

माझा स्वभावच असा आहे, हे आधी सांगून टाकतो. माझी आई म्हणायची, "शेजाऱ्याचं मांजर मेलं तरी सुतक याला." घडलेल्या गोष्टीत माझा वाटा किती, हे मला आजवर नीट मोजता आलेले नाही. इथेही येणार नाही. जे झाले ते सांगतो.

मी तेव्हा तिकोणा पेठेच्या शाळेत मास्तर होतो. घर लोणावळ्याला. आईवडील आणि बायको तिकडे, मी एकटा इकडे. सुट्टीला कामशेतपर्यंत बैलगाडीने किंवा पायी जायचे आणि तिथून आगगाडी पकडायची. गावात ज्या घरी मी राहत होतो, तिथे तीन मोठी माणसे होती. घरच्या म्हातारीला मी मावशी म्हणत असे. त्यांचा मुलगा माझ्याहून थोडा थोरला, त्याला सारे भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच. त्याची बायको ती वहिनी. गौरी बसल्या त्या दिवसांत तिला पहिली मुलगी झाली होती.

वहिनी माझ्यासमोर फारशी येत नसे. स्वयंपाकघराच्या दाराआडूनच बोले, पण बोलणे तिखट. मला सावकाश जेवायची सवय. एकदा आतून आवाज आला, "मास्तर, भाकर हाय ती, पुस्तक न्हाई. पान पान काय चाळताय?" भाऊ हसता हसता ठसकला. मावशी तिला रागावल्या, पण त्यांचाही पदर तोंडाला होता. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला अशी थट्टा पोटभर जेवणाइतकी लागते. ती मला त्या घरात मिळत होती.

कार्तिकात शाळा ओस पडते. सारी पोरे खळ्यावर असतात, मग मास्तरानेही खळ्यावर जावे. त्या दिवशी भाताची उफणणी चालली होती. भाऊ तिवईवर उभा राहून सुपाने भात ओतत होता, खाली दाणे पडत होते आणि भुसा वाऱ्याने बाजूला जात होता. मी बाजूलाच उभा होतो, म्हणजे जिथे उभे राहू नये तिथे. वारा फिरला. डाव्या डोळ्यात काहीतरी टोचले आणि मी दोन्ही मुठींनी डोळा चोळायला लागलो.

"चोळू नगा!" मावशी धावत आल्या. "आवो, डोळा हाय त्यो, लिंबू न्हाई पिळायला!"

तोवर मी चांगलाच चोळला होता. त्यांनी मला घरी आणून ओट्यावर बसवले, पापणी उलटी केली आणि जिभेच्या टोकाने कुसळ काढले. गावात कोणाच्याही डोळ्यात काही गेले की मावशींकडेच येत. मी शिकलेला तरुण गडी, लाजून अर्धा झालो, पण कुसळ निघाले. त्यांनी ते तळहातावर घेऊन मला दाखवले. केसाएवढे होते. टोक मात्र तुटलेले दिसत होते.

"आता थंडावा पायजे," त्या म्हणाल्या आणि आत बघून ओरडल्या, "आगं, वाटीत जरा दूध दे तुजं."

आमच्या मावळात दुखऱ्या डोळ्यात आईचे दूध घालतात. माझ्याही लहानपणी घातले असेल. वहिनीने आतल्या आत, भिंतीकडे तोंड करून वाटीत दूध पिळले आणि दारातून वाटी पुढे केली. मावशींनी कापसाचा बोळा भिजवून माझ्या डोळ्यावर धरला. थेंब कोमट होता. तो पडला मात्र, आणि मी ओरडलो, "आग! आग झाली!"

एवढेच मी बोललो. ओरडायचे असे मी ठरवले नव्हते. पण ते घरात ऐकू गेले, दाराआड ऐकू गेले आणि पलीकडच्या ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या बायकांनाही ऐकू गेले.

दुसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद झाला. मी उगाच वाट पाहत राहिलो, आज उतरेल, उद्या उतरेल म्हणून. शेवटी भाऊने गाडी जुंपली, मला आडवे घातले आणि कामशेतला नेऊन आगगाडीत बसवले. लोणावळ्यापर्यंत तो सोबत आला.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी डोळ्यावर भिंग धरून बराच वेळ पाहिले. त्यांनी माझ्यापासून काही लपवले नाही. बुबुळावर जो काचेसारखा स्वच्छ पडदा असतो त्याला कुसळाने ओरखडा पडला, मी चोळून तो मोठा केला, जखम चिघळली आणि मी उशिरा आलो. डोळा काढावा लागणार नाही, पण जखम भरेल तिथे पडदा पांढरा होईल आणि त्यातून दिसणार नाही. मी दुधाचे विचारले. ते म्हणाले, "जखमेत असलं काही घालू नये. पुन्हा कुणाच्या घालू देऊ नका. पण तुमचा डोळा दुधानं गेला नाही. तो कुसळानं गेला, आणि खरं सांगायचं तर तुमच्या मुठींनी."

पुढचे दिवस मी घरी पडून काढले. बायको डोळ्यात औषध घाली. दर वेळी माझी पापणी तिच्या बोटांशी झटापट करी आणि ती म्हणे, "अहो, मी आहे. मी." पट्टी सुटल्यावर तिने आधी डाव्या डोळ्यात वाकून पाहिले. डोळ्यात बाहुली असते म्हणतात, ती म्हणजे बघणाऱ्याचीच छोटी आकृती. या डोळ्यात तिला ती दिसली नाही. मग तिने उजव्यात पाहिले. तिथे दिसली असावी, कारण ती तिथेच पाहत राहिली. "हा आता तुमच्या एकट्याचा नाही," ती म्हणाली. "जपा. मला शब्द द्या." मी दिला.

डोळा एवढेएवढेसे इंद्रिय, पण एक गेल्यावर त्याचे काम कळू लागले. मला वाटले होते, अर्धे जग दिसेल. तसे झाले नाही. जग जवळजवळ सगळे दिसत होते, पण ते चित्रासारखे भिंतीला चिकटले होते. तांब्यातून पेल्यात पाणी ओतायला जावे तर धार पेल्याच्या अलीकडे पडे. खुंटीला टोपी अडकवायला जावे तर ती जमिनीवर. ओट्याची पायरी उतरताना पाऊल हवेत अडखळे. आई ते पाहून आत जाऊन डोळे पुसून येई आणि मला वाटे, हिला या वयात मी हे काय दाखवतो आहे.

डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी मला खिडकीशी उभे केले. समोर डोंगर होता. ते म्हणाले, "मी माझा अंगठा डोळ्यासमोर धरला आणि एकदा हा डोळा मिटला, एकदा तो, तर अंगठा डोंगराच्या या टोकावरून त्या टोकावर उडी मारतो. दोन डोळे दोन निराळी चित्रं बघतात. मन ती एकावर एक ठेवतं आणि त्यातल्या फरकावरून लांब-जवळ ओळखतं. तुमच्याकडे आता एकच चित्र आहे. मान जरा डावी-उजवी हलवत जा. जवळचं जास्त सरकेल, लांबचं कमी. शिकेल मन हळूहळू." आज मी बोलताना मान डोलावतो, त्याला लोक माझा होकार समजतात. तो होकार नसतो. मी समोरचा किती लांब आहे ते पाहत असतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढली, उजवीकडे ठसठशीत काळा ठिपका. म्हणाले, फुलीवर नजर ठेवा आणि कागद हळूहळू जवळ आणा. एका जागी आल्यावर ठिपका नाहीसा झाला. कागद तसाच पांढरा दिसत होता, भोक नाही, अंधार नाही. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक चांगल्या डोळ्यात अशी एक आंधळी जागा असते. तिथे काय असेल ते मन स्वतःच भरून टाकते, आणि आपल्याला वाटते आपण पाहिले. मला ते ऐकून बरे वाटले नाही. एकुलता एक उरलेला डोळा, आणि त्यालाही भोक.

भाऊ मला पाहायला एकदा लोणावळ्याला येऊन गेला. त्याने माझा डोळा पाहिला आणि आईने दिलेला चहा तसाच ठेवून गेला. पुढे पौष सरता सरता मी गावी परत निघालो, तेव्हा कामशेतला गाडी घेऊन तोच आला होता. अर्धा रस्ता तो बैलांशीच बोलत होता. पवनेच्या काठी आल्यावर म्हणाला, "मास्तर, घरात जरा इपरीत चाललंया."

"काय झालं?"

"ती पोरीला पाजत न्हाई."

"दूध नाही का?"

"हाय की. लय हाय. पिळती आन चुलीमागं राखंत टाकती. म्हनती, ह्यात आग हाय. मास्तरांचा डोळा जाळला, लेकराचं आतडं जाळंल."

मग त्याने सगळे सांगितले. माझा डोळा गेल्याची खबर त्यानेच गावात आणली. पाणवठ्यावर कोणी म्हातारी बोलून गेली की डोळ्यात घालायचे ते मुलाच्या आईचे दूध, मुलीच्या आईचे उष्ण पडते. हे मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. मावशींनीही नव्हते. पण वहिनी घागर तिथेच ठेवून घरी आली आणि त्या दिवसापासून तिने पोरीला अंगाला लावले नाही. मावशी शेळीचे दूध पाणी घालून शिंपल्याने पाजत होत्या. पोरीला ते पचत नव्हते.

"मारून बगितलं का म्हनून इचारू नगा," भाऊ म्हणाला. "हात उचलला व्हता. तिनं गाल फुडं केला. मंग माजाच हात खाली आला. तुमी सांगा तिला. तुमचं ऐकंल."

घरी पोचलो तेव्हा पोर मावशींच्या मांडीवर होती. मी लोणावळ्याला गेलो तेव्हा तिच्या मनगटांना वळ्या होत्या. आता कातडी सैल लोंबत होती. ती रडत होती, पण मांजराच्या पिलाएवढाच आवाज निघत होता. मी एका डोळ्याने पाहिले आणि तो एकही नसता तर बरे झाले असते असे वाटले.

दाराशी बसून मी म्हणालो, "वहिनी, डोळा कुसळानं गेला. मी चोळला म्हणून गेला. डॉक्टरांनी भिंगानं पाहून सांगितलं."

आतून आवाज आला. "दूध घातल्यावर आग म्हनाला व्हता का न्हाई?"

मी खोटे बोलायला हवे होते का, हे मी आजही स्वतःला विचारतो. पण सगळ्या आळीने ऐकले होते.

"म्हणालो होतो."

"मंग," ती म्हणाली.

मी मास्तर माणूस. मला वाटले, नीट समजावले तर कळेल. आमच्या शाळेच्या खिडकीच्या फळीला एक भोक होते. दार-खिडकी लावून खोली अंधारी केली की बाहेरच्या उन्हातला रस्ता त्या भोकातून आत येई आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर उलटा उमटे. पोरांचा तो आवडता खेळ होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशींना म्हणालो, वहिनींना शाळेत घेऊन या. ती आली, मावशींच्या मागे, पदर पुढे ओढून. पोर मावशींच्या खांद्यावर होती.

दार लावले. जरा वेळाने भिंतीवर तिकोणा गड दिसू लागला, शेंडा खाली करून टांगलेला. मग कोणाची तरी गाडी गेली, चाके वर, बैल छताला चिकटून चाललेले.

"आगं बया!" मावशी म्हणाल्या. "बैलं आभाळाला पाय लावून चालली की!"

मी सांगितले, डोळा म्हणजे अशीच एक खोली. पुढे भोक, भोकावर काच. माझ्या काचेवर कुसळाने ओरखडा पडला. दूध काचेला जाळत नाही.

अंधारात वहिनीचा आवाज आला, पूर्वीचा वाटला. "म्हंजी तुमच्या डोळ्यात आमी समदी आशीच उलटी व्हय? तरीच पोरास्नी उलटं शिकवताय."

मावशी हसल्या. मीही हसलो. म्हणालो, "सगळ्यांच्याच डोळ्यात उलटं पडतं. मागं मन बसलेलं असतं, ते सरळ करून घेतं."

ती म्हणाली, "मंग माजी चूक बी तुमच्या मनानं सरळ करून घेतली आसंल. तुमी चांगलं मानूस हाय, मास्तर."

मी उठून खिडकी उघडली. भिंतीवरचे सगळे पुसले गेले.

परत येताना मावशी माझ्याशी हळू बोलल्या. "दूध कमी व्हाया लागलंय तिचं. पीत न्हाई ना कुनी. आसंच चाललं तर आटंल, आन मंग ती पाजीन म्हनली तरी काय?" मी पोरीकडे पाहिले. ती झोपली नव्हती, नुसती पडून होती.

मला त्या कागदावरच्या ठिपक्याची आठवण होत राहिली. माझा डोळा दाराच्या अलीकडे होता, वहिनी पलीकडे. तिने काही पाहिले नव्हते. फक्त माझे ओरडणे ऐकले होते. न दिसलेल्या जागी काय होते, ते तिने स्वतःच भरले, आणि भरायला तिला स्वतःचीच चूक सापडली. त्यात मला माझा स्वभाव ओळखू आला. अशा माणसाला युक्तिवादाने सोडवता येत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याला फक्त घडलेले दिसावे लागते.

पुढचे मी बायकोला अजून सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर मी ओट्यावर खांबाला टेकून बसलो आणि म्हणालो, "मावशी, वहिनींचं दूध वाटीत आणा. आणि कापूस."

"कशाला?"

"माझ्या उजव्या डोळ्यात घाला."

मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "येड लागलं का मास्तर? येक गेला, आता दुसरा बी दान करायचाय?"

"त्यात आग नाही असं मी म्हणतो ना? मग मला भिण्याचं कारण काय?"

डॉक्टरांनी काय सांगितले होते ते मला पाठ होते. जखमेत घालू नका. या डोळ्याला जखम नव्हती, असे मी मनाला सांगत होतो, आणि बायकोला दिलेला शब्द कुठल्या कोपऱ्यात लपवावा ते कळत नव्हते. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. तिचा तुरा, तिच्या पायाखालची माती, पलीकडची पेंढ्याची गंजी, वर उन्हातला गड, हे सगळे मी अधाशासारखे पाहून घेत होतो. मान डावी-उजवी हलवत होतो. जवळचे सरकत होते, लांबचे स्थिर होते. शिकलो होतो मी.

वहिनी वाटी घेऊन स्वतः बाहेर आली. इतक्या दिवसांत प्रथमच ती माझ्यासमोर उजेडात उभी होती. वाळली होती. चोळी पुढून ओली होती आणि तिने पदर आवळून धरला होता.

"तुमास्नी खरंच वाटतंय, ह्यात काय न्हाई?"

"खरंच वाटतं."

"मंग गुडघे का हालत्यात?"

"भीती वाटते म्हणून. दुधाची नाही, डोळ्याची."

"बरं," ती म्हणाली. "मान वर करा. आई, तुमी सरा. मीच घालते. जळला तर माज्याच हातानं जळू दे."

मी मान मागे टाकली आणि डोळा उघडा ठेवला. छपराचे वासे दिसत होते. मग तिचा हात मध्ये आला, जवळ आला, आणखी जवळ आला. एका डोळ्याला किती जवळ ते कळेना. मी आवळून डोळा मिटला आणि ओरडलो, "आई गं! आग!"

"मास्तर," वहिनीचा आवाज आला, अगदी हळू. "बोळा आजून वाटीतच हाय."

मी डोळा उघडला. तिच्या डाव्या हातात वाटी होती. कापूस वाटीत होता. माझ्या पापणीशी होते ते तिचे नुसते बोट, कोरडे.

"पापनी धराया आलते," ती म्हणाली. मग तिने तेच बोट मागे नेले आणि पुन्हा पुढे आणले. माझा डोळा पुन्हा मिटला. मी उघडला. तिने पुन्हा आणले. पुन्हा मिटला. मला थांबवता येईना. तोंडातूनही काहीबाही निघत होते. मावशी आधी पदरात हसल्या, मग उघड हसायला लागल्या. "आवो, हात बी लागला न्हाई, आन ह्ये बोंबलत्यात!"

वहिनी हसत नव्हती. ती माझ्या डोळ्याकडे पाहत होती. शाळेतल्या भिंतीकडेही तिने असे पाहिले नव्हते.

"काय बी न घालता वरडला," ती म्हणाली. जणू मावशींना सांगत होती, जणू स्वतःला. "आग म्हनला. न घालता आग म्हनला."

"मी मुद्दाम नाही केलं," मी म्हणालो. मला शरम वाटली. डोळा द्यायला बसलेल्या माणसाने बोटाला भ्यावे.

"मुद्दाम न्हाई केलं म्हनूनच तर." तिने वाटीत पाहिले. दुधाला तिने बोट लावले, ते आपल्याच डोळ्याच्या कडेला टेकवले, आणि डोळे मिचकावत उभी राहिली. वाट पाहत होती. काही झाले नाही. तिने आणखी एक थेंब घेतला. "कोंबट हाय नुसतं," ती म्हणाली.

आत पोर रडू लागली. तोच बारीक, मांजरासारखा आवाज. वहिनीच्या पदराखाली ओल पसरली, मी ती पाहिली आणि नजर वळवली. आईच्या अंगाला रडणे ऐकून आपोआप पान्हा फुटतो. त्यालाही कोणी विचारत नाही.

"मास्तर, वाटी घ्या बाजूला," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यापायी कुटं वाया घालवू? मालकीन वरडाया लागली आत."

पण ती आत गेली नाही. तिच्यात तेवढे त्राण नव्हते की तेवढा धीर नव्हता, कोणास ठाऊक. मावशींनी पोरीला बाहेर आणले तेव्हा ती तिथेच ओट्यावर, माझ्यापासून दोन हातांवर, भिंतीशी बसली. मी चटकन डोळा मिटून घेतला. या वेळी मी तो स्वतः मिटला होता.

काही वेळ काहीच ऐकू आले नाही. पोर विसरली असेल, असे मला वाटले. इतक्या दिवसांनी तिला ओढताच येत नसेल. ती एकदा खोकली, रडली. वहिनी कुजबुजली, "घे गं बाई, घे. आग न्हाई. मी बगितलंय." आणि मग एक आवाज आला, अगदी बारीक. गिळल्याचा. थांबला. पुन्हा आला. मग एकामागून एक येत राहिला.

मी डोळा मिटूनच बसलो होतो. गालावरून काहीतरी ओघळत होते, दोन्ही गालांवरून. गेलेला डोळाही रडतो, हे मला त्या दिवशी कळले.

बऱ्याच वेळाने मावशींनी माझ्या खांद्याला हात लावला. त्यांचाही आवाज ओला होता.

"उगडा आता, मास्तर. पाठ फिरवलीया तिनं. आन पोर पितीया."